हरकत नाही

५ मार्च

चिरंजीव टिटवे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडते.

तू आमच्या शेडमध्ये तो काळा डबा बसवून गेलीस. सगळ्यांचे डबे जोडणाऱ्या तुझ्या त्या साखळीत मी काल एक ओळ लिहिली आणि आता ती पुसता येत नाही. सगळी बटणं दाबून झाली. डब्याची पिन काढून पुन्हा लावली. वरून एक चापटही मारली. ओळ तिथेच.

काय झालं ते सांगते. रिकाम्या बाटल्यांचा क्रेट आला की पडद्यावर "आला" दाबायचं. बाटल्या धुऊन, उजेडासमोर धरून, तोंडाला तडा नाही ना ते बघितलं की "पास" दाबायचं. टेम्पोत चढला की "गेला". एवढं मला जमतं. पण खाली तू शेऱ्याचा रकाना ठेवलायस. कशाला ठेवलास? रिकामी जागा दिसली की माणूस लिहिणारच. काल सोडावाल्याचे क्रेट आले. कुठे नळ्या कोंबलेल्या, कुठे कागदाचे बोळे, आणि एका बाटलीत चक्क चमचा. एवढ्याशा गळ्यातून चमचा आत गेला कसा, हे विचारायला मला वेळ नव्हता. मी शेऱ्यात लिहिलं, "सोडावाला माठ आहे."

मला वाटलं हे माझ्यापुरतं. संध्याकाळी टेम्पोवाला दात काढत आला. म्हणाला, "मावशी, माठ वाचला बरं का." त्याने वाचला, जॅमवाल्या बाईंनी वाचला, नदीपलीकडच्या शेडने वाचला. मग सोडावाल्याने काय डोळे मिटून घेतले असतील?

ते पुस. फोन करू नकोस, फोन धुण्याच्या हौदात पडला आणि नवा मी घेणार नाही. तसंही शेडच्या खडखडाटात मला नुसतं "हॅलो हॅलो" करत बसावं लागायचं. पत्र लिही. पाकिटातलं पाकिटात राहतं.

आता घे आशीर्वाद.

मावशी


१२ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार करते, पण लांबूनच. तू ब्रश हातात घेऊन वाचत असणार.

ओळ पुसता येणार नाही. मलाही नाही. कुणालाच नाही. या साखळीला मालक नाही, हीच तिची गंमत आहे. तुझ्या डब्यात जी नोंद, तीच सोडावाल्याच्या डब्यात, तीच टेम्पोवाल्याच्या, तीच प्रत्येक सभासदाच्या. एकाने आपल्या डब्यात खाडाखोड केली तर बाकीचे डबे ती मानतच नाहीत. म्हणून तर "बाटल्या तुम्ही फोडल्या" नि "आमच्याकडे आल्याच नाहीत" ही तुमची वर्षानुवर्षांची भांडणं थांबली.

बदलता येतात ते फक्त नियम. ते कुणी आणि कसे बदलायचे हे ठरवून देणं, हीच माझी नोकरी. तुम्ही तीन गट आहात: बाटल्या भरणारे, धुणारे आणि वाहणारे. सगळ्यांना लागू होणारा नियम बदलायचा तर तीनपैकी दोन गटांचं बहुमत हवं. आणि दोघांपुरताच मामला असेल, तर एकाने प्रस्ताव टाकायचा. दुसऱ्याने आठवड्यात हरकत घेतली नाही, की झाला मंजूर. हे सगळं मी दिलेल्या नियमावलीत आहे. ती तू वाचली नसशील. डब्याच्या टेबलाचा पाय लंगडा होता, आणि मी निघताना तो सरळ झालेला बघितलाय.

तू एवढंच करू शकतेस: खाली नवा शेरा लिही. "वरील शेरा मागे घेत आहे." सभ्य शब्दांत, मावशी. कृपा कर.

तुझी
टिटवी


२८ मार्च

चिरंजीव टिटवीला,

तू सांगितलंस तसं केलं. अगदी सभ्य शब्दांत लिहिलं: "वरचं मागे घेते. सोडावाला माठ नाही. माठात पाणी तरी गार राहतं."

दुसऱ्या दिवशी त्याचे क्रेट आले, खाली त्याचा शेरा: "बाईंचं मत कळलं. चमचा मिळावा, जोडीतला आहे."

मी लिहिलं, "चमचा गळ्यातून निघत नाही. बाटली फोडू?"

त्याने लिहिलं, "नको. राहू दे तुमच्याकडे. आठवण म्हणून."

मी लिहिलं, "आठवण काढायला आम्हाला सवड नाही. इथे कामं असतात."

तर म्हणतो, "म्हणूनच वस्तू दिली. ती आपोआप आठवेल."

आता यावर काय लिहायचं माणसाने? मी "पास" दाबलं आणि गप्प बसले. टिटवे, मी गप्प बसले! हौदावरच्या बायकांनी मान वळवून बघितलं, मला बरं नाही की काय म्हणून.

बरं, हा पठ्ठ्या आता बाटल्या विसळून पाठवतो. भरणाऱ्यानेच धुऊन पाठवल्या तर धुणारीने काय करायचं, आरती ओवाळायची? तसं शेऱ्यात लिहिलं, तर परवा स्वतःच टेम्पोत बसून आला. उंच, वाळका, मिशीला कात्री लावायची राहून गेलेली. शिट्टी वाजवतो, सुराचा पत्ता नाही. दोन हातांत दोन क्रेट. मी म्हटलं, "मालकांना ओझी वाहायची वेळ आली का?" तर म्हणतो, "माठ रिकामा असला की हलका असतो, बाई, उचलता येतो." बायका एवढ्या हसल्या की एकीच्या हातून ब्रश हौदात गेला. माझ्याही तोंडातून काहीतरी आवाज आला. मी तो खोकल्यात मिसळला.

सकाळी या बायका पडद्यासमोर गोळा होतात, शेरा वाचल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. जॅमवाल्या बाई म्हणे आमचे शेरे त्यांच्या कारखान्यात मोठ्याने वाचून दाखवतात. तुझी साखळी बाटल्यांसाठी आहे ना? मग या लोकांना लाज नको?

मला यात काही नाही. तू तिकडे बसून भलतंसलतं मनात आणू नकोस. तुझे काका जाऊन एवढी वर्षं झाली, सोडावाल्याची बायको जाऊनही बरीच झाली असं टेम्पोवाला म्हणतो. मी विचारलं नव्हतं. तोच म्हणाला.

मावशी


३ मे

प्रिय मावशी,

नमस्कार घे आणि उभ्या उभ्या वाच, कारण मी उभ्या उभ्या लिहितेय. तिन्ही गटांची बैठक चालू आहे. क्रेट केवढा असावा यावर माणसं टेबलं बडवतायत.

तुला एवढंच कळवायचंय: सोडावाल्याने प्रस्ताव टाकलाय. फक्त त्याच्यापुरता आणि तुझ्यापुरता. आठवड्याच्या आत तू हरकत घेतली नाहीस तर मंजूर धरला जाईल. मला पूर्ण वाचायला जमलं नाही, नुसतं वरचं नाव बघितलं: "दोन्ही बाजूंमधील कायमची व्यवस्था."

आता तू शांतपणे विचार कर. घाईने नाही म्हणू नकोस, तुला ती खोड आहे. माणूस सरळ वाटतो. पण जे काही करशील ते नीट समजून कर, कारण एकदा मंजूर झालं की मागे फिरता येत नाही.

बोलावतायत. पळते.

टिटवी


८ मे

टिटवे,

आशीर्वाद देत नाही. आधी मला बसू दे.

अशी बातमी कुणी उभ्या उभ्या देतं का गं? आणि अशी गोष्ट कुणी डब्यातून विचारतं का? माणूस दारात क्रेट घेऊन येतो, शिट्ट्या वाजवतो, तोंड आहे त्याला. मग तोंडाने विचारायला काय होतं? तर साहेबांनी प्रस्ताव टाकला! साखळीवर! जॅमवाल्या बाईंनी वाचला असणार. आणि तुझा नियम तर काय सांगावा. बाई गप्प बसली की लग्न ठरलं? कुठल्या शहाण्याने काढला हा नियम? तूच काढलास. तुला लहानपणी मी पाठीत धपाटे कमी घातले.

पडद्यावर लाल अक्षरांत आलंय: "एक नवीन प्रस्ताव. वाचण्यासाठी दाबा." मी दाबलं नाही. दाबलं तर सगळ्यांच्या डब्यात दिसेल, बाईने उघडून बघितलं म्हणून. त्यात काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. कायमची व्यवस्था म्हणजे काय ते कळायला शाळा लागत नाही. पडद्यावर पोतं टाकलंय आणि बायकांना सांगितलंय, याला जी हात लावेल तिचा हात मी हौदात बुडवीन. क्रेटांचं "आला", "गेला" मी पोत्याखाली डोकं घालून दाबते. फोटो काढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी दिसते म्हणे.

मी शेडमध्ये कुणाला काही बोलले नव्हते. पण परवा मी गाणं म्हणत होते. मला कळलंच नाही. हौदावरची थोरली म्हणाली, "बाई, तुम्हाला आजवर फक्त ओरडताना ऐकलंय." मग सांगितलं. काय करू? एवढ्या जोरात किंचाळल्या की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला.

मुदत उद्या संपते. मी हरकत घेतलेली नाही.

याचा काय अर्थ काढायचा तो काढ. उगाच उड्या मारू नकोस. मी फक्त एवढंच म्हणतेय की आठवडाभर गप्प बसणं मला किती जड गेलं ते त्या माणसाला कधीच कळणार नाही. नवे कपडे शिवायला टाकलेत. निळे. शिंपीण म्हणाली, "काही विशेष?" मी म्हटलं, "माप घे."

मावशी


१३ मे

प्रिय मावशी, माझी गुणी मावशी,

पाय धरते. आधी बस. खुर्चीवर, हौदाच्या कडेवर नको.

तो लग्नाचा प्रस्ताव नव्हता गं.

आमच्याकडे कशालाही प्रस्ताव म्हणतात. टेबलावरचा पंखा बदलायचा तरी प्रस्ताव. माझ्या डोक्यातच आलं नाही की तू तसं वाचशील, आणि आता माझं पत्र आठवून मला घाम फुटतोय. "माणूस सरळ वाटतो" असं मी कशाला लिहिलं!

तुझं पत्र येताच मी प्रस्ताव उघडला. तो नऊ तारखेला मंजूर झाला. तू हरकत घेतली नाहीस ना. त्यात लिहिलंय: सोड्याचे सगळे क्रेट यापुढे नदीपलीकडच्या शेडला द्यावेत. त्यांच्या बदल्यात तिकडच्या जॅमच्या बाटल्या तुझ्या शेडला याव्यात. कारणाच्या जागी दोनच शब्द: "खासगी कारण."

बाकी काही नाही. काम तेवढंच राहील, कुणाच्या पोटावर पाय येणार नाही. पलीकडच्यांनी लगेच हो म्हटलं, जॅम सुटलं म्हणून, आणि जॅमवाल्या बाईंचीही ना नव्हती. पण त्याने असं का केलं मला कळत नाही. माठाचा राग आतून धुमसत होता की काय? साखळीवर लिहून तुला आधी कळवणार होते, पण ते सगळ्यांनी वाचलं असतं.

मावशी, मी काय करू? तिकडे येऊ का?

टिटवी


१९ मे

टिटवे,

येऊ नकोस. येऊन काय करशील, जॅम धुशील?

आल्या जॅमच्या बाटल्या. तुला कल्पना नाही. सोड्याची बाटली म्हणजे सभ्य माणूस: पाणी घाल, फिरव, ओत, झाली. जॅमची बाटली म्हणजे चिकटून बसलेला पाहुणा. गरम पाणी, धुण्याचा सोडा, ब्रश, पुन्हा गरम पाणी, आणि तरी झाकणाच्या आट्यांत लाल कड राहतेच. मुंग्या तर अशा आल्यात जशा काही त्यांनाच सभासद करून घेतलंय. माझ्या कोपरापर्यंत जॅम आहे. हे पत्र पाकिटाला आपोआप चिकटेल.

बायका काही बोलत नाहीत. हे सगळ्यात वाईट. थोरलीने आज माझ्यासाठी न सांगता चहा आणून ठेवला. मला दया दाखवतात! मला! शिंपिणीने निळे कपडे पाठवून दिले, ते घडीसकट वरच्या फळीवर टाकले.

मी रडलेबिडले नाही, सोड्याची वाफ डोळ्यांत जाते. पण एक सांगते. नाही म्हणायचं तर माणसाने तोंडावर नाही म्हणावं. शेऱ्यात गोड गोड लिहायचं आणि मागच्या दाराने बाटल्या काढून न्यायच्या, हे मला पटत नाही. खासगी कारण म्हणे. मी तीस बायकांच्या तोंडावर वेडी ठरले, आता त्याचं खासगी काय राहिलंय?

जॅमचा पहिला ढीग संपला की मी त्याच्या कारखान्यात जाते आणि विचारते.

मावशी


२३ मे

मावशी, नमस्कार आणि हात जोडून विनंती: जाऊ नकोस!

याला पद्धत आहे. आधी तक्रार नोंदवायची. मग तिन्ही गटांचा एकेक माणूस बसतो, दोघांचं ऐकतो, मग लेखी उत्तर मिळतं. मी स्वतः अर्ज भरून देते. तू तिथे जाऊन तुझ्या आवाजात बोललीस तर त्याचे कामगार ऐकतील, जॅमवाल्या बाई ऐकतील, आणि तुला पुन्हा त्रास होईल. मला तो बघवणार नाही.

लगेच उत्तर दे. घाबरलेली,

टिटवी


४ जून

चिरंजीव टिटवीला अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद. मोजू नकोस, अजून देईन.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जाऊन आले होते. तुझी समिती बसेपर्यंत मी म्हातारी झाले असते.

एक चिकट बाटली हातात घेऊन सरळ आत शिरले. भरायचं मशीन चालू होतं, बाटल्या पट्ट्यावरून रांगेने निघालेल्या, सगळी माणसं कामात. तो टोकाला उभा. मी म्हटलं, "काय रे, माझ्या बाटल्या का काढून घेतल्यास?" "अहो"वरून "अरे"वर कधी आले, माझं मलाच कळलं नाही.

तो म्हणाला, "बाई, तुम्ही नियमावली वाचलीत ना?"

मी म्हटलं, "इथे तुला कोण वाचणारी दिसतेय?"

"तिच्यात आहे. बाटली भरणारा आणि ती तपासून पास करणारा, हे एकमेकांच्या नात्यातले असू नयेत."

"मग? आपण कुठे नात्यातले आहोत?"

"नाही ना अजून. म्हणून तर आधी बाटल्या हलवल्या."

टिटवे, मला कळायला वेळ लागला. मशीनवरच्या बाईला आधी कळलं. तिने दोन्ही हात तोंडावर नेले, त्यामुळे मशीन बंद करायला हात उरला नाही, आणि बाटल्या भरून वाहायला लागल्या. सगळीकडे फेस. माझ्या चपला बुडाल्या. कुणी हलेना. तो त्या फेसात उभा राहून म्हणतो, "तुम्ही हरकत घेतली नाहीत, मला वाटलं तुम्हाला समजलं."

मी म्हटलं, "मला समजलंच होतं! चुकीचं वाचून बरोबर समजलं होतं!"

"मग रागावलात कशाला?"

"मधे जॅम आलं ना!"

"विचारायला येणारच होतो. म्हटलं तुमचा जॅमचा ढीग उरकू दे."

"जॅम उरकत नसतं. विचारायचं तर आत्ता विचार."

विचारलं. काय शब्दांत ते तुला सांगणार नाही, ते खरोखरच खासगी कारण आहे. मी हो म्हटलं. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही, "काय?" म्हणाला. मग मी माझ्या आवाजात हो म्हटलं. मशीनवरच्या बाईच्या हातून एक क्रेट पडला. तो फुटला त्याची नोंद तुझ्याकडे आली असेल.

आणि तू! तू तो नियम स्वतः लिहिलास ना? सगळी नियमावली वाचणारा अख्ख्या साखळीत तो एकच माणूस निघाला, म्हणजे लिहिणाऱ्या बाईलाही धरून.

आता पुढचं ऐक. मला जॅम नकोच. म्हणून मी माझा पहिला प्रस्ताव टाकला, थोरलीकडून नीट लिहून घेऊन: नातेवाइकांचा नियम काढून टाका, सोडा माझा मला द्या. हा सगळ्यांना लागू, म्हणजे मतं पडणार. मला वाटलं, भरणाऱ्यांकडून तर होकार आलाच, तिथे आपला माणूस आहे. काल निकाल लागला. वाहणाऱ्यांनी हो म्हटलं, ते मजा बघायला कशालाही हो म्हणतात. धुणाऱ्यांत पलीकडची शेड आडवी आली. आणि भरणाऱ्यांत एका मताने पडला. कुणाचं मत? साहेबांचं!

गेले ना मी पुन्हा. म्हटलं, "माझ्या विरोधात मत देतोस?"

म्हणाला, "बाई, उद्या जॅमवाल्या बाईंच्या भावाने शेड काढली तर? तडा गेलेली बाटली घरच्या घरी पास होईल. कुणाचा तरी ओठ कापेल."

"मी तडा गेलेली पास करीन?"

"तुम्ही नाही करणार. पण नियम एकट्या तुमच्यासाठी नाही."

आता तूच सांग, एवढी वर्षं माझ्यासमोर सगळे मान डोलावत आले. या माणसाने फेसातून लग्नाचं विचारलं आणि आठवड्याच्या आत भर साखळीवर मला नाही म्हटलं, ते कायमचं, न पुसण्यासारखं. मला एवढं हसू आलं की मी तिथल्याच क्रेटवर बसले. तोही बसला. दोघांच्या वजनाने क्रेट मोडला, तेही कुणीतरी नोंदवलं असेलच.

लग्न या महिन्याच्या शेवटच्या रविवारी. निळे कपडे फळीवरून काढलेत, कंबरेला जरा सैल होतात, जॅमने वाळवलं मला. लवकर ये आणि निदान दोन दिवस राहा. प्रस्ताव पडला तरी पुन्हा टाकता येतो असं टेम्पोवाला म्हणाला. तर मी तो पुन्हा टाकणार आहे, आणि लग्नानंतर रोज जेवायला बसलो की त्याच्याशी यावर भांडणार आहे. त्याला मी तसं आधीच सांगितलंय. तरी लग्न करतोय.

तुझी
मावशी